बोटबाई आणि चिखलाचे उत्तर

बोटबाईंचा वर्गात एकच प्रश्न असे : "कोणत्या ओळीवरून म्हणतोस? ठेव बोट." बोट ठेवता आले नाही, तर बरोबर उत्तरही त्या चूक धरीत. झरीकडच्या आमच्या गावात त्यांना हे नाव पडले ते यावरून. पारावरची मंडळी सांगतात, की बाई पोरांवर बोट उगारीत म्हणून. साफ खोटे. वर्गाच्या भिंतीला लागून माझे घर आहे; कानांनी ऐकले ते मी, त्यांनी नव्हे.

शिष्यवृत्ती परीक्षेत उताऱ्याखाली असे प्रश्न येतात, की ज्यांचे उत्तर थेट लिहिलेले नसते. लिहिलेल्यावरून ते ताडावे लागते. आमची पोरे तिथे घरचे शहाणपण लावीत. एका उताऱ्यातली काशीबाई वेचलेला कापूस घाईघाईने घरात भरते. का? 'भाव वाढेल म्हणून,' असे साऱ्या वर्गाने ठोकून दिले. आमच्याकडे पलंगाखालीसुद्धा कापूस त्याचसाठी पडून असतो. उताऱ्यात मात्र आभाळ काळवंडले होते. बाई हसून म्हणाल्या, "ही तुमची माय न्हाई रे, काशीबाई हाय! तिच्या घरात काय चाललंय ते बघा."

त्या वर्षी नऊ पोरे शिष्यवृत्तीत आली आणि गावाच्या पोटात दुखू लागले. बाईंनी उत्तरे आधीच मिळवली, असा अर्ज तालुक्याला गेला. त्याच सुमारास बाईंची त्यांच्या माहेरी, ताडकळसला, बदली झाली होती. "हा डाग घेऊन मी न्हाई जायची, काका," त्या मला म्हणाल्या. बोलताना आवाज खंबीर होता. डोळे मात्र सुजलेले होते.

चौकशीचे साहेब बंद पाकिटातून नवा उतारा घेऊन आले आणि त्यांनी नेमके माझ्या नातीला, शरयूला, उभे केले. उताऱ्यात गंगाराम बाजारातून येतो, कडी न वाजवता दार लोटतो, चपला हातात घेतो आणि पाळण्याकडे पाहतो. चपला हातात का घेतल्या? शरयू म्हणाली, "चिखल..." आमच्या काळ्या रानात पावसाळाभर सारेच चपला हातात घेऊन चालतात. दाराशी उभ्या बाईंचा चेहरा उतरला. मी खिडकीतून आणखी आत वाकलो. शरयूचे बोट ओळीवरून पुढे सरकले आणि थांबले.

"न्हाई न्हाई! बाळ झोपलंय."

"कुणी सांगितलं?" साहेबांनी दरडावून विचारले.

"कुणी कशाला सांगंल? चिखल कुठं लिव्हलाच न्हाई. कडी वाजवली न्हाई, पाळण्याकडं बघायलाय. मग?"

साहेबांना हसू आवरले नाही. आणखी चार पोरांना पारखून त्यांनी तिथेच लिहिले आणि सर्वांसमक्ष वाचून दाखवले : आरोपात तथ्य नाही.

तरीही लोक अजून म्हणतात, की बाई तोंड लपवून पळाल्या. त्यांना एस.टी.त बसवून द्यायला मी स्वतः गेलो होतो. बाई खिडकीला टेकल्या आणि गाडी हलण्यापूर्वीच गाढ झोपी गेल्या. कंडक्टरने दोन हाका मारल्या, तरी पापणी हलली नाही. अखेर मीच खिडकीतून पैसे देऊन त्यांचे तिकीट काढले. पळून जाणारे माणूस असे झोपते, हे मला कोणीतरी दाखवून द्यावे.