निळ्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा

मागच्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तुम्ही दोघांनी विचारलंत, की आजोबांची निळी गाडी अजून आहे की विकली. आजोबांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हिला विचारा. घोळ हिनं घातला होता." तुम्ही हसलात, आणि तेवढ्यात तुमच्याकडे जेवायची वेळ झाली. ते राहिलेलं उत्तर आता क्रमानं लिहिते.

गाडी तुम्ही फोटोत पाहिली आहे. दोनच माणसांची, कापडी टपाची, जमिनीलगत बसकी. तुमच्या बाबांच्या जन्माआधी आजोबांनी ती मुंबईतल्या एका निवृत्त बोट कॅप्टनकडून घेतली. आम्ही दहिवलीला राहायला आलो तेव्हा घरचं सामान टेंपोतून आलं आणि ही स्वतःच्या चाकांवर आली, पुढे आजोबा आणि शेजारी मांडीवर घड्याळ घेऊन मी.

गेल्या वर्षी आजोबांच्या कंबरेतली चकती सरकली, हे तुम्हाला माहीत आहे. बरे झाल्यावर डॉक्टरांनी आमची रोजची गाडी चालवायला परवानगी दिली. निळ्या गाडीबद्दल मात्र स्पष्ट सांगितलं, की हिच्यातून उतरल्यावर पायाला मुंग्या येत असतील तर हिचा नाद सोडा. आणि मुंग्या येत होत्या. गाडी पुढून इतकी खचली होती, की प्रत्येक स्पीडब्रेकरवर खाली लोखंडाला लोखंड आपटायचं आणि तो दणका सरळ सीटमधून वर यायचा. पुण्याचे एक गृहस्थ गाडी घ्यायला तयार होते. दोनदा येऊन पाहूनही गेले होते. शेवटी आजोबांनी स्वतःच अट घातली: पुढच्या दोन्ही स्प्रिंगा बदलायच्या, मग नेहमीच्या स्पीडब्रेकरवाल्या रस्त्यानं कशेळ्याला जाऊन परत यायचं. पाय ठीक राहिला तर गाडी राहील. मुंग्या आल्या तर पुण्याला जाईल. अट घातल्यावर दोन दिवस ते तिच्याकडे फिरकले नाहीत. सकाळी धूळ पुसायचं फडकंही मीच मारलं.

प्रश्न उरला तो कुठल्या स्प्रिंगा घ्यायच्या हा. आजोबांना आखूड आणि कडक हव्या होत्या, शर्यतीच्या गाड्यांना असतात तशा. त्यांनी फोनवर पाहून ठेवल्या होत्या. मला वाटे, मूळच्या होत्या तशाच करून घ्याव्यात. शाळेत सायन्स मी शिकवायचे, म्हणून हे काम आपोआप माझ्याकडे आलं.

आमचे मिस्त्री कुंभिवलीला असतात, हायवेच्या कडेला. घराणं मूळचं श्रीवर्धनकडचं. वडिलांनी इथे ट्रकच्या कामासाठी शेड टाकली, ती आता ते चालवतात. साठीचे आहेत, चष्मा दोरीनं गळ्यात असतो. आजोबांना साहेब म्हणतात आणि मला बाई.

त्यांनी पहिली स्प्रिंग काढली तेव्हा मी मुद्दाम जवळ उभी होते. दाबलेली स्प्रिंग एकदम सुटली तर माणसाचा जबडा मोडू शकते. मिस्त्रींनी तिच्या पोटातून एक लांब बोल्ट घातला आणि नट एकेक आटा सैल करत तिला खाली आणली. त्या वेळात त्यांचा फोन तीनदा वाजला, त्यांनी पाहिलाही नाही. आजोबांना त्यांनी हातानंच समोरून बाजूला केलं. एवढ्या शांतपणे धोक्याचं काम करताना मी फार थोडी माणसं पाहिली आहेत.

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर ते पुतण्याच्या लग्नाला गावी जाणार होते. म्हणाले, गाडी इथंच राहू द्या, आल्यावर बघू. आता तुम्ही मला ओळखता. आठवडा फुकट घालवणं मला जमत नाही. मी स्प्रिंग घरी आणली, पुसली आणि जेवणाच्या टेबलावर उभी केली. तारेची जाडी, वेढे, बाहेरचा व्यास, लांबी, सगळं तीन-तीनदा मोजलं. वहीत आकृती काढली, शाई वाळल्यावर तिची प्रत केली आणि खालापूरच्या एका कारखान्यात देऊन आले. त्यांनी अगदी मापात जोडी करून दिली. काळी, चकचकीत. मला फार समाधान वाटलं.

मिस्त्री परत आले त्या दिवशी आम्ही जोडी घेऊन गेलो. त्यांनी नवी स्प्रिंग फरशीवर ठेवली, शेजारी जुनी. दोन्हींवर एक पट्टी आडवी टेकवली. पट्टी तसूभरही कलली नाही. मी शाबासकीची वाट पाहत होते. मिस्त्रींनी चष्मा उतरवला.

"बाई, माप एक नंबर हाय," ते म्हणाले. "पन हे म्हातारपनचं माप हाय. मानूस वाकल्यावर त्याची उंची मोजलीत, आन् म्हनलात का जवान असताना बी एवढाच होता."

मला क्षणात कळलं आणि कान गरम झाले. स्प्रिंग वर्षानुवर्षं ओझ्याखाली राहिली की तिची ताकद फारशी जात नाही, पण लांबी जाते. ती पुन्हा मूळच्या लांबीवर येत नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. टेबलावर मात्र माझं सगळं लक्ष मोजपट्टीवर होतं. गाडी ज्या कारणानं खचली होती, तेच मी काळजीपूर्वक उतरवून घेतलं होतं.

आजोबांना अर्थातच आनंद झाला. म्हणाले, "सायन्सच्या बाई नापास. आता माझ्या पसंतीच्या मागवू."

मिस्त्रींनी वाद घातला नाही. बाहेर त्यांच्या भावाचा टेंपो उभा होता, रिकामा. त्यात त्यांनी आजोबांना शेजारी बसवलं आणि कुंभिवलीच्या आतल्या रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरवरून एक फेरी मारून आणली. मग टेंपोत विटा भरायच्या होत्या, त्या भरून होईपर्यंत आम्ही चहा घेतला. भरल्यावर आजोबांना पुन्हा त्याच सीटवर, त्याच ब्रेकरवरून नेलं. उतरल्यावर मिस्त्रींनी एवढंच विचारलं, "साहेब, कंबर कवा बरी व्हती?"

आजोबांनी कंबरेवर हात ठेवून पाहिला. मग म्हणाले, "विटा भरल्यावर."

"टेंपोच्या स्प्रिंगा वझ्यासाठी केलेल्या. वझं नाय, तर त्या मानसाला उडवतात. तुमच्या गाडीला वझं किती? तुमी दोघं. तिला कडक घालून कुनाला दाखवायचीय?"

कंबर दुखणाऱ्या माणसाला एका शब्दाचाही उपदेश न करता मिस्त्रींनी ती गोष्ट पटवली होती. आजोबांनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "मग खरं माप आता कुठून आणायचं?"

त्यावर मिस्त्रींनी जे केलं ते मला आजही कौतुकाचं वाटतं. माझी ती जोडी गाडीला तात्पुरती बसवली आणि आम्हाला सांगितलं, की उद्या नेहमी जसे बाहेर पडता तसे या. रिकाम्या गाडीचं माप ते घेतच नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही माझी पिशवी, पाण्याचा कॅन, आजोबांची घडीची खुर्ची, सगळं बरोबर नेलं आणि ते घेऊन गाडीत बसलो. त्यांनी बॉनेट तीनदा दाबून सोडलं, गाडी हातभर मागेपुढे ढकलली, म्हणजे ती नीट स्थिरावते. मग खाली वाकले. स्प्रिंग ज्यावर बसते तो खालचा लोखंडी हात अशा वेळी जमिनीला समांतर हवा, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गाडीचा हात बाहेरच्या टोकाला वर चढलेला होता. जॅकनं पुढची बाजू ते थोडी थोडी उचलत गेले, हात सपाट होईपर्यंत. आम्ही आत बसून होतो. मिस्त्री जमिनीवर गाल टेकून एका डोळ्यानं पाहत होते.

"बस. हितं व्हती ती," ते म्हणाले. त्यांनी चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर सांगितलं आणि मी वहीत लिहिलं. एवढ्या उंचीला स्प्रिंग किती लांब हवी, हे गणित मग माझं. त्यासाठी शेजारच्या भंगारवाल्याचा वजनकाटा आणून, त्यावर जुनी स्प्रिंग ठेवून, वरून दाबून आम्ही पाहिलं, की किती वजनाला ती किती दबते. वर्गात जो प्रयोग मी बोटाएवढी स्प्रिंग टांगून छोट्या वजनांनी करायचे, तो इथे दोन माणसांच्या जोरानं केला. उत्तर आलं: तार तीच, वेढे तेवढेच, लांबी माझ्या आकृतीपेक्षा दोन बोटं जास्त. मिस्त्रींनी तो आकडा बघितला आणि मान हलवली. त्यांचा अंदाज तोच होता, त्यांनी फक्त आधी सांगितला नव्हता.

दुसरी जोडी बसवल्यावर गाडी मला जरा ताठ दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आम्ही कशेळ्याला निघालो.

रस्ता तसाच होता, ब्रेकरही तेवढेच. पहिल्या ब्रेकरला मी सवयीनं सीटची कड धरली. गाडी चढली, उतरली आणि खाली काही आपटलं नाही. आजोबांची नजर रस्त्यावरच होती. एरवी ते वाटेत प्रत्येक नव्या बंगल्याला नावं ठेवतात. कशेळ्याच्या बाजारात जीपगाड्या उभ्या राहतात तिथे त्यांनी गाडी लावली आणि दाराला न धरता उतरले. टपरीवर चहा येईपर्यंत उजव्या बुटाच्या आत त्यांची बोटं हलत होती. परत येताना शेवटच्या वळणावर त्यांनी स्वतःच सांगितलं.

"मुंग्या नाहीत गं. नुसता पाय आहे."

घरी आल्यावर त्यांनी पुण्याच्या गृहस्थांना फोन केला, माफी मागितली आणि मग अर्धा तास त्यांना खालच्या लोखंडी हाताबद्दल समजावून सांगत बसले, जणू गाडीखाली गाल टेकून तेच झोपले होते.

मिस्त्रींना मी त्याच दिवशी कळवलं. त्यांना नवल वाटलं नाही. माझी पहिली जोडी आता आपल्या फाटकाशी दोन कुंड्यांखाली आहे. आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवतात आणि मापं किती अचूक आहेत ते सांगतात.

तुम्ही सुट्टीत याल तेव्हा एकेकानं आजोबांबरोबर जायचं, दुसऱ्यानं माझ्याबरोबर बसनं मागून यायचं. कशेळ्याला चहाच्या टपरीवर भेटू आणि येताना जागा बदलू. तुमची वजनं मात्र आधी कळवा. मिस्त्रींनी विचारून ठेवायला सांगितलं आहे.