कचरा डेपोचं कुंपण

"हिची आई कचरा डेपोवर प्लास्टिक वेचते. तरीही ही आपल्या कॉलेजात शिकते. टाळ्या."

सरांनी माझा दंड धरून मला माईकसमोर उभं केलं होतं. टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "वास येतोय काय रे?" सगळे हसले. सरही.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. कचरा कमी करण्याच्या नव्या सरकारी धोरणाचा कार्यक्रम होता. शेवटी स्वच्छतेची शपथ मी द्यायची होती. मला वाटलं होतं, माझं वाचन चांगलं म्हणून निवडलं.

जिल्ह्याहून आलेले साहेब बोलू लागले. प्लास्टिक वेगळं करा, पुन्हा वापरात आणा. मला पटत होतं. आई दुसरं काय करते? रोह्याच्या बाजारातल्या पिशव्या, बाटल्या ती डेपोवर निवडते, धुते. पेणचा भंगारवाला टेम्पो घेऊन येतो. त्यावर आमची चूल पेटते.

"सोमवारपासून डेपोला कुंपण," साहेब म्हणाले. "प्लास्टिक ठेकेदार उचलेल. वेचणाऱ्या बायका आत दिसता कामा नयेत."

पुन्हा टाळ्या.

सरांनी मला शपथ द्यायला सांगितलं. कशीबशी बोलले, "साहेब, मग माझ्या आईनं कुठं जायचं?"

"बाळ, ते नंतर बघू."

"आत्ता सांगा ना. आत्ताच तिच्या नावानं टाळ्या वाजल्या."

सर कानाशी येऊन म्हणाले, "फी कोणी माफ करून दिली, विसरू नकोस."

मी शपथ दिली नाही. मंचावरून उतरले.

घरी आई बाटल्यांची झाकणं काढत बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "तोंड कशाला उघडलंस गो? काढतील ना कॉलेजातनं."

"काढू दे, आये. तुला काढतायत त्याचं काय?"

तिनं हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाली, "जा, बायांना सांगून ये. सोमवारी सगळ्याच जाऊ."

सोमवारी डेपोच्या फाटकावर रखवालदार उभा होता. आम्ही गोण्या घेऊन समोर. तो मला म्हणाला, "तू तर शिकलेली हायस. तू हो बाजूला."

"नाय होणार," मी म्हणाले. "या बायांना कामावर घ्या, मग फाटक लावा."

मागून ठेकेदाराचा ट्रक आला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. आई रस्त्यातच गोणीवर बसली. मी तिच्या शेजारी बसले.

हलायचं नाही, हे तेव्हा ठरवलं. फी माफी गेली. ठरवलेलं बदललं नाही.