चूलबंद आवतन आणि एका घरातला धूर

"मंदिरात रोडग्याची पंगत हाय, येऊन जा," असा मित्र मनोहरचा फोन आला आणि मी अकोल्याचं तिकीट काढलं. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. त्यासाठी वाशिम जिल्ह्यात जाच, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलोय.

अकोल्याहून कारंज्यापर्यंत एसटी, पुढे कामरगावला जीप. भाडं चाळीस रुपये, मांडीवर दुसऱ्याची पिशवी फुकट. कामरगावपुढच्या मनोहरच्या गावाचं नाव लिहीत नाही. त्याला तिथंच राहायचंय.

गावची रीत अशी, की आदल्या दिवशी घरोघर 'चूलबंद आवतन' जातं, म्हणजे अख्ख्या घराला जेवायचं बोलावणं. मग पंगतीच्या दिवशी कुणी चूल पेटवली, तर तो गावाचा अपमान.

मंदिरात मनोहरशेजारी पंगतीला बसलो. पहिला रोडगा संपवला, दुसरा फोडला तर आत कच्चा. मी विचारलं, "रज्जाकभाई कुठायत?" वीस वर्षं निखारा तेच सांभाळायचे.

मनोहर पत्रावळीकडे बघत म्हणाला, "त्याइले आवतन नाही देल्लं औंदा."

वाढायला आलेला, पंगत भरवणाऱ्या मंडळाचा प्रमुख हसत वाकला. "काका, भांडन थोडंच हाय? आपल्या आपल्या लोकाइची पंगत. आवतन नाही देल्लं म्हंजे मारलं का कोनाले? तूप घ्या."

युरोपातल्या संग्रहालयांत मी काचेआड काळे सदरे पाहिलेत, तपकिरीही पाहिलेत. त्या त्या देशानं फॅसिझमला आपापले कपडे शिवून दिले होते. इथं त्याला सदराही लागला नाही. तो आमच्याच रीतीत शिरला आणि तूप वाढू लागला. मी उठलो.

मनोहरच्या पत्नी, सुमनवहिनी, पंगतीला आल्याच नव्हत्या. मनोहर माझ्या मागोमाग आला; त्याच्या घरावर धूर दिसत होता. ओसरीवर रज्जाकभाई अवघडून बसलेले.

"वहिनी, कायले पेटवली चूल? लोकं बोलतीन."

"बोलू द्या. भाकर थापून राह्यली, बॉम नाही. तुमच्या हाताची चव नाही, पन कच्ची त नाही ना."

तेवढ्यात प्रमुख दारात आला. "काकू, धूर दिसून राह्यला."

"चुलीचाच हाय. जेवता का?"

त्यानं मोबाइलवर काहीतरी टिपलं आणि गेला. मनोहरनं रज्जाकभाईंचं ताट स्वतःच्या ताटाला लावून मांडलं.

घरी परतून पंधरा दिवस झाले. परवा मनोहरचा फोन आला. पुढच्या पंगतीच्या यादीत त्याचं घर नाही, आणि त्याची तूर काढायला मळणीयंत्रवाल्यालाही वेळ नाही. "काठीनं झोडपून राह्यलो," तो म्हणाला, "मी अन् रज्जाकभाई."

विचारण्याआधी मी एक अख्खा रोडगा खाल्ला होता. तो अजून पचलेला नाही. तुम्हाला जायचं असेल, तर रस्ता वर दिलाय. फक्त पत्रावळीवर बसण्याआधी विचारा, आवतन कुणाला नाही.