हिरव्या भुशाचा डबा

रेल्वेत का नाही लागलास, असं कुणी विचारलं की शिरवण्याचा चांगदेव म्हणायचा, "मला नाय पटली ती नोकरी." साफ खोटं! नोकरीलाच तो पटला नव्हता. डॉक्टरनं पुढ्यात रंगीत लोकरीच्या लड्या टाकल्या, यानं लाल-हिरव्याची खिचडी केली आणि घरचा रस्ता धरला. ते दोन्ही रंग त्याला जन्मापासून एकसारखेच दिसत. गावात हे एकट्या जमुनाला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं आणि तिनं ते पोटात ठेवलं.

पण रेल्वेचं वेड काही सुटेना. मुंबईत सिग्नलवाल्यांना शिकवायला एका लांबलचक टेबलावर चिमुकली रेल्वे मांडली होती, वीतभर गाड्या आणि बोटभर सिग्नल. रुळांकाठी लावायला तिथल्या साहेबांना झुडपं हवी होती. अठ्ठावन्न साली चांगदेवानं चार नमुने नेऊन दाखवले आणि काम मिळवलं. खाडीकाठच्या वाळक्या काटकीला काथ्याचे धागे गुंडाळायचे, सरसात बुडवायचं आणि रंगवलेल्या लाकडाच्या भुशात घोळवायचं. नखाएवढी करवंदीची जाळी अशी उभी राही की साहेब म्हणत, बाबा, काटा टोचेल.

भुसा जमुना रंगवायची. फळीवर डालड्याचे दोन डबे असत. डावीकडे हिरवा, उजवीकडे फुललेल्या पळसापुरता लाल. तरी पठ्ठ्या प्रत्येक झुडूप तिच्यापुढं धरायचा.

"हिरवा हाय ना गं?"

"हिरवागार हाय. किती येला इचारता?"

आठ वर्षं हेच चाललं. सहासष्टच्या उन्हाळ्यात जमुनाला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली. नेणाऱ्याला जरासुद्धा दया आली नाही. दहावं झाल्यावर रीतीप्रमाणं भावकीतल्या बायकांनी घर सारवलं, फळीवरचं सगळं उतरवलं, डबे घासूनपुसून परत मांडले. वहिनी पुतळाबाई म्हणाली, "भावजी, घर कसं लख्ख झालं." तिचा तरी काय दोष?

दोनशे झुडपं द्यायची कबूल केली होती. पहिलं झालं तसं चांगदेवानं सवयीनं समोर धरलं. समोर भिंत होती. मग त्यानं मान वर केली नाही. डावीकडच्या डब्यात घोळवत दोनशेच्या दोनशे पुरी केली.

साहेबांनी खोकं उघडलं आणि त्यातलं एक झुडूप त्याच्या हातात ठेवलं.

"चांगदेव, ही सगळी लाल आहेत."

धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं. इतकी वर्षं झाकलेलं त्यानं सांगून टाकलं, फळीचं, सारवणात अदलाबदल झालेल्या डब्यांचं, जमुनाचं. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "यापुढं रंग मी बघून देत जाईन."

"नको साहेब. ते दोगांचं काम व्हतं. तिनं बघून हिरवं म्हणलेलं येक द्या, बस."

कपाटात मागच्या खेपेची थोडी शिल्लक होती. त्यांतलं एक साहेबांनी त्याच्या तळहातावर ठेवलं. दुसऱ्या हातात त्याचं लाल झुडूप होतंच. दोन्ही खिशात टाकून तो भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं बेलापूरला आला, तिथून चालत घरी.

ओटीवर बसून त्यानं खिसा रिकामा केला. दोन्ही झुडपं त्याच्याच हातची, एकाच बांध्याची. उलटसुलट केली, उन्हात धरली. जमुनानं पाहिलेलं कुठलं, ते काही केल्या कळेना.

पुतळाबाई अंगणात तांदूळ निवडत होती. तिला हाक मारून विचारलं असतं तर तिनं एका नजरेत सांगितलं असतं. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. हे विचारायचं माणूस त्याला एकच होतं.