सोमवारचं वजन

गिऱ्हाईक बाई म्हणली, साडी अंगावर लावून दाखव. मी पदर खांद्यावर घेतला. तेवढ्यात मालकीण काउंटरवरून बोलली, "तिच्या अंगावर नको. तंबू दिसेल." गिऱ्हाईक हसली. सोबत काम करणाऱ्या पोरी खाली पाहत राह्यल्या. मी पदराची घडी केली.

चंद्रपुरातलं कापडाचं मोठं दुकान. तेव्हा मी बावीस वर्षांची. गाव मूल तालुक्यात, तलावाकाठी. आम्ही ढिवर, मासोळीवर जगणारे. बारावी झालेली घरात मी पहिली. नोकरी सुटली तर परत गावी, हेच डोक्यात.

मालकीण दर सोमवारी आम्हा पाचजणींले पार्सलच्या काट्यावर चढवे. गोदामात नाई, दुकानात, सगळ्यांपुढं. आकडा मोठ्यानं वाचे. माह्या आकड्यावर म्हणे, "तुमच्यात पातेलंभर भातच खातात ना?" जोर 'तुमच्यात'वर.

मी भात सोडला. मग भाकर. सहा वर्षं काकडी, लिंबू, गरम पाणी. रविवारी पाणीबी पीत नव्हती. केस मुठीनं गळत. पाळी चार-चार महिने नाई. आकडा उतरला की मालकीण म्हणे, "आता जरा माणसात आलीस." अन् मले आनंद व्हायचा. त्या आनंदाची लाज आज जास्त वाटते.

मागच्या उन्हाळ्यात गावी गेली. बापाचा खांदा आखडला होता. माय एकटीच कमरेइतक्या पाण्यात जाळं ओढून राह्यली होती. मी उतरली, दोर धरला. दोनदा ओढला अन् बोटं सुटली. डोळ्यांपुढं अंधारी. मायनं एका हातानं जाळं धरलं, दुसऱ्यानं मले.

"काऊन वं, जेवत नाईस का तिथी?"

"जाडी झाली होती मी."

"जाडी? मीबी अशीच आहो. मंग मले काय म्हणशील?"

माय एकदा दुकानात भेटाले आली, तेव्हा मी तिले मागच्या दारानं नेलं होतं. कोणी पाहू नये म्हणून.

परतली. सोमवार आला.

"चढ."

"नाई चढत."

"काय म्हणालीस?"

"मी पार्सल नाई, मॅडम. मले तोलू नका."

"उद्यापासून येऊ नको."

बाकीच्या चौघी एकेक करून चढल्या. मी त्यांले दोष देत नाई. सहा वर्षं मीबी चढलीच.

आता दुसऱ्या दुकानात आहो. यातून सुटली असं म्हणणार नाई. ताट पुढं आलं की त्या मालकिणीचा आवाज कानात येते. दुसऱ्यांदा भात घेताना हात थांबते. मी घेते. रोज स्वतःशी भांडून घेते. हे आंग पाण्यात उभं राहून घर चालवणाऱ्या बायांकडून आलं. याले कोणी नाव ठेवलं, तर जागच्या जागी उत्तर देईन. माह्याच मनानं ठेवलं, तर त्यालेबी देईन. अन् पोटभर जेवीन.