पहिली थापड माझी होती

अमरावतीहून अकोल्याला परतताना, मूर्तिजापूरच्या अलीकडे बसमध्ये माझा मोबाईल वाजू लागला. खात्यातून पैसे निघाल्याचे मेसेज, एकामागून एक. पर्समधलं कार्ड काढून पाहिलं. रंग तोच, बँक तीच, पण त्यावर नाव भलत्याच बाईचं. निघण्याआधी एटीएमवर मशीन माझं कार्ड घेत नव्हतं, तेव्हा मागे उभ्या माणसानं "द्या मावशी, मी काढून देतो" म्हणून ते हातात घेतलं होतं, बाहीला पुसलं होतं. पिन मी त्याच्यादेखत दाबला होता. उभी हयात नर्स म्हणून गेली. पेशंटचं नाव दोनदा विचारल्याशिवाय कुणाला सुई टोचली नाही. पण हातात परत आलेल्या कार्डावरचं नाव काही मी वाचलं नव्हतं.

बसमधूनच बँकेला फोन लावून कार्ड बंद केलं. तोवर पेन्शनचं खातं धुऊन निघालं होतं. पोलिसांत तक्रार दिली. नातेवाइकांनी, एवढी शिकलेली असून कशी फसलीस, असं विचारून घेतलं. भाजी चिरताना सुरीखाली त्या माणसाची बोटं दिसायची. त्याला कुठं मारलं म्हणजे जास्त दुखेल, हे मला नर्स असल्यामुळे चांगलं ठाऊक होतं आणि मी ते मनात पुन्हापुन्हा करून पाहायची.

तीनेक आठवड्यांनी अकोल्यातच, जुन्या शहरात काही कामासाठी गेले होते. बाजारातल्या एटीएमचं दार उघडं होतं. आत एक थकलेली बाई आणि तिच्या शेजारी चाळिशीचा माणूस. बाईच्या हातातलं कार्ड घेत तो म्हणत होता, "दे, मी काढून देतो."

मी आत शिरले आणि कार्ड हिसकलं. त्यानं माझा हात झटकला, तुम्ही कोण म्हणून विचारलं. मी त्याच्या कानाखाली वाजवली. मग दारात येऊन रस्त्यावरच्या लोकांना सांगितलं, "हा कार्ड बदलते."

तेवढंच बोलले. शेजारच्या दुकानातून दोघं आले, मग पाच-सहा, मग मोजता येईनात. त्याला कॉलर धरून पायऱ्यांवरून ओढला. कुणीतरी हेल्मेटनं मारलं. पडल्यावर लाथा सुरू झाल्या, पोटात, पाठीत, तोंडावर. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. तो आवाज ओळखायला मला एक्स-रे लागत नाही. आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला बरं वाटलं.

ती बाई माझा दंड धरून हलवत होती. ती काय म्हणतेय ते बऱ्याच वेळानं माझ्या डोक्यात शिरलं.

"माहा पोरगा हाय तो. कावून मारता जी त्याले?"

मी गर्दीत घुसले. थांबा म्हणाले, पण आता माझं कोण ऐकणार? शेवटी त्याच्या अंगावर आडवी पडले. दोन लाथा मलाही बसल्या. मग पाय थांबले, आणि माणसं आली तशी दुकानांत परत गेली.

त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. त्याला कुशीवर वळवलं, तोंडातले दाताचे तुकडे काढले, ओढणी फाडून हात गळ्यात बांधला. "हात नका लावू मले," तो म्हणाला. पण दुसरं कोणी लावायलाच नव्हतं.

ऑटोतून त्याला दवाखान्यात नेलं. पोलिसांनी मारणाऱ्यांची नावं विचारली, तेव्हा बाजारात कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. मी लिहून दिलं, की सुरुवात मी केली, पहिली थापड माझी होती. हवालदार म्हणाला, बाई, एवढं लिहू नका. मी कागद तसाच ठेवला.

तो वायरमन होता. आईची दृष्टी अधू, म्हणून दर महिन्याला तोच तिच्यासोबत यायचा. त्यानं माझ्याविरुद्ध तक्रार केली नाही, कारण आईला कोर्टात ओढायचं नव्हतं. वॉर्डात मी माफी मागितली तेव्हा तो भिंतीकडे पाहत होता. आई जेवणाचा डबा घ्यायला खाली गेल्यावर बोलला.

"तुमाले लुटलं, समजलं. पण माही माय तिथंच उभी होती ना? तिले एकदा तरी विचारायचं."

त्याचा हात आता खांद्याच्या वर जात नाही. शिडीवरचं काम सुटलं, पंखे दुरुस्त करत एका दुकानात बसतो. मी दोनदा त्या दुकानात गेले. दुसऱ्यांदा त्यानं मालकाला सांगून मला बाहेरूनच परतवून लावलं, आणि ते बरोबरच होतं. अमरावतीचा तो माणूस अजून सापडलेला नाही. मध्यंतरी पोलिसांनी ओळख पटवायला काही फोटो दाखवले. बराच वेळ पाहून मी सांगितलं, मला खात्री नाही.