फळीवरचं घड्याळ

भिंतीपलीकडून कुणी मार खाल्ल्याचा आवाज आला, की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता की नाही? लाजू नका. या पोराच्या मामाकडे टीव्ही नव्हता, तो हातोडी जोरात चालवायचा.

पोराला सगळे ठोक्या म्हणतात. वय सतरा. सकाळी कॉलेज, दुपारी मामाच्या गॅरेजात गाड्यांचे पोचे काढायचं काम. डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवला की पोचा किती खोल ते सांगतो. हातोडी उचलण्याआधी घड्याळ काढून फळीवर ठेवायचं, ही या धंद्याची सवय. दणक्यांनी घड्याळ बिघडतं.

घड्याळ बापाचं. बापही इथंच ठोकाठोक करायचा आणि बायकोपोरासह गॅरेजच्या मागच्या खोलीत राहायचा. खोलीतही तो आधी घड्याळच काढायचा. फळीवर टक्क. मग आईला मार, मग याला. बाप मरून तीन वर्षं झाली. वळ गेले, ते टक्क मात्र राहिलं.

वर्गातली एक मुलगी ठोक्याची गणितं तपासून द्यायची, म्हणून तो तिला मास्तरीण म्हणायचा. सहा महिने दोघांचं छान जमलं होतं. मग तो विचारायला लागला, कुणाशी बोललीस, कुठं होतीस, फोनचा पासवर्ड काय. त्याला वाटायचं ही काळजी. काळजी कसली डोंबलाची, पाळत ती!

एका सकाळी कॉलेजच्या जिन्यात तिनं पासवर्ड द्यायला साफ नकार दिला. त्यानं तिचं मनगट आवळलं. ती खिडकीच्या कट्ट्याकडे बघत होती.

"घड्याळ का काढलंस?"

त्यानं वळून पाहिलं. घड्याळ कट्ट्यावर होतं. कधी काढलं, त्याला आठवेना. दुसरा हात खांद्यापर्यंत वर गेलेला. तिनं मनगट सोडवून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की यापुढे फोन करायचा नाही, आणि वाटेत आडवा आलास तर मी रडत बसणार नाही, प्राचार्यांकडे लेखी देईन.

घड्याळ पुन्हा मनगटावर बांधून तो घरी, त्या मागच्या खोलीत आला आणि मेसेज लिहीत बसला. सॉरी, पण चूक तुझीपण आहे. लिहिता लिहिता हात धुवायला उठला, घड्याळ काढलं, फळीवर ठेवलं. टक्क.

आई पाठमोरी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे दोन्ही हात झटकन डोक्यावर गेले, कोपरं पुढे. क्षणभर तशीच बसली. मग ओशाळं हसली. "मेली सवय," म्हणाली, आणि पुढची घडी घालायला घेतली.

ठोक्यानं मेसेज पुसला आणि गॅरेजात जाऊन मामाला सगळं सांगून टाकलं. मामानं हसण्यावारी नेलं. वयच असं असतं म्हणाला, शेवटी रक्त बापाचंच की.

"रक्ताचं सोड मामा. तुला भिंतीतून ऐकू यायचं?"

मामानं चिंधीला हात पुसले.

"यायचं."

"मग?"

"मग मी जोरात ठोकायचो."

घड्याळ अजून फळीवरच पडून आहे. काम करताना ठोक्याचा उजवा हात डाव्या मनगटाकडे जातो, तिथं काही नसतं, तरी जातो. मास्तरणीच्या मनगटावरचे बोटांचे वळ चार दिवसांत मिटले, पण जिना चढण्याआधी ती आजही वर बघून घेते. तो लांबच्या जिन्यानं जातो. माफी मागायलाही तिच्यासमोर जात नाही, कारण तिनं येऊ नको म्हटलंय.

मार खाल्लेला प्रत्येक पोरगा हात उचलत नाही. आणि मार खाल्ला म्हणून उचललेला हात माफ होत नाही. पण त्या खोलीचं दार तेव्हा कुणीतरी वाजवायला हवं होतं, आणि मामा चार पावलांवर होता.

तुम्हीही असाल कुणाच्या तरी चार पावलांवर. आज आवाज आला, तर हातातलं काम खाली ठेवा आणि ते दार वाजवा.